दाराच्या दोन बाजू

पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात उभ्या गाडीखाली कुडकुडणारं एक पिल्लू सापडतं आणि ओढणीत गुंडाळून घरी येतं. कधी परदेशी निघालेल्या नातेवाइकाचा चार वर्षांचा लॅब्रॅडॉर कायमचा मुक्कामाला येतो, कधी एखाद्या संस्थेतून रीतसर दत्तक घेतलेली मादी येते. घरात आधीपासून एक कुत्रा असतो आणि त्याच्या वतीने सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं, की याला आता सोबत झाली. पुढची दहा मिनिटं बहुतेक घरांत सारखीच जातात. मुलांनी पिल्लाला छातीशी धरलेलं असतं. जुन्या कुत्र्याला पट्ट्याला धरून त्याच्यासमोर आणलं जातं, ‘बघ, तुला भाऊ आणलाय’ असं सांगितलं जातं आणि कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढत असतं. जुना कुत्रा गुरगुरतो, त्याला दटावलं जातं. मग घरातलं एखादं जाणतं माणूस म्हणतं, ‘सोडा त्यांना, आपापसात बघून घेतील.’ पुढे ज्या जोड्या बिघडतात, त्यांतल्या कितीतरींची सुरुवात याच वाक्यापाशी झालेली असते, असं माझं मत आहे.

या वाक्यामागे एक समजूत आहे. दोन कुत्र्यांमध्ये वरचढ कोण हे ठरायचं असतं, ते झटापटीतून ठरतं, आणि एकदा ठरलं की घर शांत होतं, ही ती समजूत. मला ती मुळातच चुकीची वाटते. घरातल्या कुत्र्याचं आयुष्य ठरावीक गोष्टींवर चालतं. सकाळी कोण फिरायला नेतं, भांडं कुठे ठेवलं जातं, दुपारी पंख्याखालची कुठली फरशी आपली, ऑफिसातून आलेला माणूस आधी कुणाच्या डोक्यावरून हात फिरवतो, हे सगळं त्याला पाठ असतं. नवा प्राणी आला की या प्रत्येक गोष्टीपुढे प्रश्नचिन्ह लागतं. नव्याची तर आणखी पंचाईत असते, कारण त्याला यातलं काहीच माहीत नसतं. आज मिळालेलं अन्न उद्या मिळेल का, याचाही त्याला भरवसा नसतो. भांडण उगवतं ते या बेभरवशातून. म्हणून माणसाचं पहिलं काम दोघांची मैत्री लावून देण्याचं नाही. दोघांच्याही बाबतीत काय ठरलेलं आहे आणि ते कसं पक्कं आहे, हे रोजच्या वागण्यातून दाखवून देण्याचं आहे. मैत्री व्हायची तर त्यानंतर होते. न झाली तरी दोघं एका छपराखाली सुखाने राहू शकतात.

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात एकाच घरात राहून एकमेकांशी भांडणाऱ्या कुत्र्यांच्या 38 जोड्यांचा अभ्यास झाला आणि तो 2011 साली प्रसिद्ध झाला. घरचा जुना कुत्रा मत्सराने नव्यावर धावून जातो, असं आपण धरून चालतो. या अभ्यासात चित्र उलटं निघालं: सुमारे 70 टक्के जोड्यांमध्ये कुरापत काढणारा कुत्रा घरात नंतर आलेला होता आणि सुमारे तीन चतुर्थांश जोड्यांमध्ये तो वयाने लहान होता. जवळपास 79 टक्के जोड्या नर-नर किंवा मादी-मादी अशा होत्या. भांडणाला निमित्त काय व्हायचं? मालकाचं लक्ष, अन्न, सापडलेली एखादी वस्तू आणि घरात अचानक उडालेली धांदल. ही सगळी प्रकरणं दवाखान्यापर्यंत गेलेली होती आणि त्यांची संख्याही थोडी होती, त्यामुळे ती सरसकट सगळ्या घरांना लावता येणार नाहीत. तरी निमित्तांची ही यादी पुन्हा एकदा वाचून पाहावी. या सगळ्या गोष्टी माणसाच्या हातात आहेत. भांडं कुठे ठेवायचं, कुणाकडे कधी बघायचं, दाराची घंटा वाजल्यावर काय करायचं, हे कुत्रे ठरवत नाहीत. त्यामुळे ‘आपापसात’ असं इथे फार थोडं उरतं.

कुत्र्यांना असला हिशेब खरंच कळतो का, ही शंका रास्त आहे. व्हिएन्ना विद्यापीठातल्या फ्रीडेरिके रांगे आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक साधा प्रयोग केला. दोन कुत्रे शेजारी बसवले आणि दोघांना पंजा द्यायला सांगितलं. एकाला खाऊ मिळत राहिला, दुसऱ्याला काहीच नाही. ज्याला मिळत नव्हतं त्याने थोड्या वेळाने पंजा देणं बंद केलं. एकटा असताना खाऊ न मिळताही तो याहून जास्त वेळ पंजा देत होता. या प्रयोगातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एकाला पावाचा तुकडा आणि दुसऱ्याला सॉसेज दिलं, तेव्हा मात्र कुत्र्यांना त्याचं काही वाटलं नाही. ‘कुणाला काय मिळालं’ यापेक्षा ‘मला मिळालं की नाही’ हाच त्यांचा सवाल होता. पुढे 2014 मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्रिस्टीन हॅरिस आणि कॅरोलिन प्रूवो यांनी 36 पाळीव कुत्र्यांसमोर त्यांच्या मालकांना एका हलत्या-भुंकत्या खेळण्यातल्या कुत्र्याचे लाड करायला लावले. मालक पुस्तक वाचत असताना जे कुत्रे स्वस्थ होते, त्यांतले बरेच आता मध्ये घुसू लागले, मालकाला ढकलू लागले, काही तर खेळण्यावर दात आपटू लागले. याला मत्सर म्हणावं की नाही यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि आपल्याला तो वाद सोडवायची गरजही नाही. नव्या पिल्लाला मांडीवर घेऊन तासभर कौतुक करणारं घर जुन्या कुत्र्याला काय दाखवत असतं, एवढं यावरून कळलं तरी पुष्कळ झालं.

मग सुरुवात कशी करायची? नाकापासून. कुत्र्याच्या नाकात, जातीप्रमाणे कमी-जास्त, वीस कोटींच्या पुढे गंधग्राही पेशी असतात. माणसाच्या नाकात त्या पन्नास-साठ लाखांच्या आसपास. दुसऱ्या कुत्र्याच्या नुसत्या वासावरून तो नर आहे की मादी, मादी माजावर आहे का, हे त्याला कळतं. आपण मात्र ओळख डोळ्यांनी करून देतो, तीही समोरासमोर, हातभर अंतरावर. कुत्र्यांच्या रीतीप्रमाणे तो सरळसरळ आगाऊपणा ठरतो, कारण अनोळखी कुत्रे एकमेकांकडे वळसा घेत, नजर चुकवत, बाजूने जातात आणि आधी मागचा भाग हुंगतात. म्हणून पहिले काही दिवस दोघांनी एकमेकांना पाहिलंच नाही तर उत्तम. नव्याच्या अंगाखालची जुनी चादर किंवा गोणपाट जुन्याच्या खोलीत ठेवावं आणि जुन्याचं नव्याकडे. नेऊन नाकाला लावू नये, कोपऱ्यात टाकून द्यावं. ज्याला हुंगायचं तो हुंगेल. हुंगून तो शांतपणे बाजूला झाला की त्याच्या आवडीचा खाऊ द्यावा, उकडलेल्या चिकनचा तुकडा म्हणा किंवा पनीर. काही दिवसांनी जुना कुत्रा त्या वासावरून मान न उचलता जाऊ लागतो. तो वास आता घरातलाच झालेला असतो.

हे दिवस दुसऱ्या, जास्त निकडीच्या कारणासाठीही लागतात आणि ते कारण कुणी सहसा सांगत नाही. रस्त्यावरून उचललेल्या पिल्लाच्या अंगात पार्वो किंवा डिस्टेंपरचा विषाणू लक्षणं दिसण्याआधीच असू शकतो. अंगावरच्या गोचिडी आपल्याकडच्या हवेत वर्षभर तग धरतात आणि त्यांच्यामुळे होणारा गोचीड-ताप धडधाकट कुत्र्यालाही आडवा करतो. तेव्हा नव्याला पशुवैद्यांकडून तपासून घेऊन, जंताचं आणि गोचिडीचं औषध देऊन, लसीकरण सुरू करून दहा ते चौदा दिवस वेगळ्या खोलीत ठेवणं हे जुन्या कुत्र्याच्या जिवासाठीच आहे. पार्वोचा विषाणू फरशीवर आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून दोघांची भांडी, फडकी आणि शक्य असेल तर चपलासुद्धा वेगळ्या हव्यात. जुन्याच्या लशींची तारीख उलटून गेली असेल, तर ती नवा घरात यायच्या आधीच भरून काढावी. वैद्यकीय कारणासाठी जे अंतर ठेवायचं, तेच मनाच्या तयारीसाठीही उपयोगी पडतं. एका दगडात दोन पक्षी मारण्याची अशी संधी घाई करून घालवू नये.

पहिली भेट घराबाहेर व्हावी, तिऱ्हाईत जागी व्हावी, असं सगळीकडे सांगितलं जातं आणि ते बरोबर आहे; घरात भेटवलं तर एक यजमान होतो आणि दुसरा घुसखोर. पण हा सल्ला ज्या देशांत तयार झाला, तिथले रस्ते आणि बागा मोकळ्या असतात. पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या गल्लीत तिऱ्हाईत जागा असते कुठे? गल्लीचं प्रत्येक टोक रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या एखाद्या टोळीचं असतं आणि दोन अनोळखी कुत्र्यांना घेऊन तिथे उभं राहिलं की तिसराच तमाशा सुरू होतो. त्यापेक्षा सोसायटीची गच्ची, दुपारी रिकामी असलेली पार्किंगची जागा, ओळखीच्या कुणाचं कुंपण असलेलं अंगण किंवा गावाबाहेरचं मैदान शोधावं. दोन कुत्रे, दोन पट्टे, दोन माणसं. सुरुवातीला वीस-पंचवीस पावलांचं अंतर राखून दोघांना एकाच दिशेने समांतर चालवावं. चालणारा कुत्रा रोखून बघत नाही, तो पुढचं हुंगण्यात गुंततो. अंतर हळूहळू कमी करावं आणि कुणी ताठरला की पुन्हा वाढवावं. नंतर जागा बदलून एकाला दुसऱ्याच्या मागून चालू द्यावं, म्हणजे मागच्याला पुढच्याचा माग हुंगता येतो. पट्टा सैल हवा. ताणलेल्या पट्ट्याने कुत्र्याची मान वर होते, छाती पुढे येते आणि त्याचं अंग नकळत आव्हान देऊ लागतं. शिवाय पट्टा ताणणाऱ्या हाताची भीती त्याच्यापर्यंत पोचते ती वेगळीच. आणि लिफ्टमध्ये भेट तर कधीच होऊ देऊ नये. मागे सरायला जागा नसलेली याहून वाईट जागा सापडायची नाही.

या वेळी माणसाचं लक्ष कुत्र्यांच्या अंगाकडे हवं आणि इथे आपले काही पक्के समज आड येतात. शेपूट हलली म्हणजे कुत्रा खूश, हा त्यातला सर्वांत मोठा. इटलीतल्या अभ्यासकांनी 2007 मध्ये 30 कुत्र्यांच्या शेपटीचं कॅमेऱ्याने मोजमाप केलं, तेव्हा मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे, असं आढळलं. म्हणजे हलणारी शेपूट नेहमी एकच गोष्ट सांगत नाही. साध्या डोळ्यांना हा फरक दिसायचा नाही, पण ताठ उभी राहून टोकाशी थरथरणारी शेपूट आणि कंबरेसकट सैल डोलणारी शेपूट यांतला फरक कुणालाही कळेल. जांभई, ओठांवरून फिरणारी जीभ, मान वळवणं, एकदम जमीन हुंगू लागणं, ओला नसताना अंग झाडणं ही बहुतेकदा ‘जरा दमाने घे’ अशी विनवणी असते. पुढचे पाय टेकवून कंबर वर करणारी वाकलेली मुद्रा खेळाची. मार्क बेकॉफ यांनी 1995 मध्ये दाखवलं, की खेळताना जोराचा चावा घेण्याच्या जरा आधी किंवा लगेच नंतर कुत्रे ही मुद्रा करतात. आपण खेळतोय हे जोडीदाराने विसरू नये म्हणून. याउलट तोंड मिटलेलं, अंग थिजलेलं आणि नजर खिळलेली असेल, तर बाकी काही घडायची वाट न पाहता दोघांना हाक मारून वळवावं.

गुरगुरण्याबद्दल थोडं विस्ताराने बोलायला हवं, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. जुना कुत्रा नव्यावर गुरगुरला की त्याला ओरडा बसतो, कधी चापटही बसते. आपल्याला वाटतं, उद्धटपणा मोडला. पण बुडापेस्टच्या संशोधकांनी 2010 मध्ये हाडापाशी बसलेल्या कुत्र्यासमोर तीन प्रकारच्या गुरगुरण्याचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवले: एक अन्न राखतानाचं, एक अनोळखी माणसाला पाहून केलेलं आणि एक खेळातलं. अन्न राखतानाचा आवाज ऐकल्यावर कुत्रे हाडापासून मागे सरले. इतर आवाजांनी तेवढा परिणाम झाला नाही. समोर कुत्रा नव्हता, फक्त आवाज होता, तरीही अर्थ पोचला. असा नेमका बोलणारा इशारा आपण शिक्षा करून बंद पाडतो. भीती तशीच राहते, इशारा मात्र जातो आणि पुढच्या वेळी कुत्रा न सांगता चावतो. मग घरचे म्हणतात, ‘काही कारण नसताना एकदम चावला.’ गुरगुरणं ऐकलं की ओरडू नये. नव्याला हाक मारून अंतर वाढवावं आणि जुना कशाजवळ बसला होता ते बघावं. तिथे बहुधा चघळायचं हाड, सोफ्याची कड किंवा घरातल्या आजींचे पाय सापडतात.

घरात प्रवेश झाल्यावर आतली मांडणी महत्त्वाची. दोन भांडी, दोन बिछाने, पाण्याच्या दोन जागा, जेवण दोन खोल्यांत किंवा बंद दाराच्या दोन बाजूंना. स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना एक तुकडा दोघांच्या मध्ये टाकायची सवय मोडावी. भांडणाचं याहून हमखास निमित्त नाही. द्यायचंच तर दोघांना नावाने हाक मारून, लांब बसवून, प्रत्येकाच्या तोंडात द्यावं. पॅसेज, दाराची चौकट आणि जिन्याचं वळण अशा अरुंद जागी दोघं एकदम शिरू नयेत, कारण तिथे मागे फिरायची सोय नसते. घंटा वाजली की दोघं दाराकडे धावतात आणि त्या उसळीत एक दुसऱ्यावर घसरतो. म्हणून घंटेला खाऊ आणि आपापल्या बिछान्यावर जाणं, ही जोडी पहिल्या आठवड्यापासून शिकवावी. मधल्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं जाळीचं फाटक लावावं. जाळीच्या दोन बाजूंना बसून दोघं जेवले, झोपले आणि कंटाळले की मगच पट्टा लावून एका खोलीत आणावं, तेही पाच-दहा मिनिटं. सगळं सुरळीत असतानाच भेट संपवावी. जुन्याचं फिरणं, जेवण आणि एकट्याने मिळणारे लाड यांची वेळ चुकू देऊ नये. आणि नवा दिसला की चिकन मिळतं, नवा गेला की ते बंद होतं, एवढा साधा हिशेब त्याच्या लक्षात आणून द्यावा.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप कळपाच्या नायकाचा: कुत्रे लांडग्यांचे वंशज आहेत, कळपात एक नायक असतोच, मग ते ठरू द्या किंवा जुन्याला तो मान तुम्हीच द्या. या कल्पनेचा उगम रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 सालच्या लेखनात आहे. त्यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण केलं होतं. ठिकठिकाणांहून आणून एका कुंपणात कोंडलेले ते प्राणी होते. डेव्हिड मेक यांच्या 1970 सालच्या पुस्तकाने ही कल्पना घरोघरी पोचवली आणि त्याच मेक यांनी कॅनडाच्या एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा अनेक वर्षं अभ्यास केल्यावर 1999 मध्ये ती दुरुस्त केली. निसर्गातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं. तिथे नायकपद लढून मिळवलेलं नसतं. शेंकेल यांच्या लांडग्यांवरून एक गोष्ट मात्र शिकता येते. अनोळखी प्राण्यांना पळायला वाट न ठेवता एकत्र कोंडलं की काय होतं, हे ते सांगतात आणि घाईने भेटवलेल्या दोन कुत्र्यांची फ्लॅटमध्ये नेमकी हीच गत होते. यावर कुणी म्हणेल, की रोमच्या उपनगरातल्या मोकाट कुत्र्यांमध्ये श्रेणी असल्याचं 2010 च्या एका अभ्यासात दिसलंच होतं. होय, दिसलं होतं, आणि ती वयाशी जोडलेलीही होती. पण ती सर्वांत स्पष्टपणे दिसली ती धाकट्यांच्या नमतं घेण्यातून. नमतं घेणं ही ज्याची त्याची मर्जी असते. माणसाने धाकट्याला उलटं पाडून ते त्याच्याकडून काढून घेता येत नाही. टफ्ट्सच्या अभ्यासातही एका पद्धतीत एका कुत्र्याला मुद्दाम आधी मान द्यायला सांगितलं होतं आणि दुसरीत दोघांनाही प्रत्येक गोष्टीआधी ‘बस’सारखी एखादी आज्ञा पाळायला लावली होती. दोन्हींचा उपयोग झाला, पण दुसरीचा जास्त घरांत झाला. त्या पद्धतीत वरचं-खालचं काही ठरवायचं नव्हतं. काय केलं की काय मिळतं, एवढंच दोघांना पक्कं कळत होतं.

दुसरा आक्षेप रस्त्यावर बोट दाखवतो: तिथे कोण ओळखी करून देतं? तिथली कुत्री जुळवून घेतातच ना? घेतात, कारण त्यांच्याकडे अंतर नावाची गोष्ट असते. नको असलेल्या कुत्र्यापासून ती चाळीस पावलं लांब जाऊन बसतात, दुसऱ्या गल्लीत निघून जातात. चारशे चौरस फुटांच्या घरात तो मार्ग बंद असतो आणि बंद केलेला आपणच असतो. शिवाय रस्त्यावर जे निभतं तेवढंच आपल्या डोळ्यांना दिसतं. कोलकात्याच्या आयसरमधल्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाने 364 पिल्लांचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांतली जेमतेम 19 टक्के प्रजननाच्या वयापर्यंत जगली. बरेच मृत्यू माणसांमुळे झालेले होते. ओळखीची घाई करून जुळलं नाही म्हणून जे पिल्लू ‘जिथून आणलं तिथे’ परत सोडलं जातं, ते या आकड्यांत परत जातं. मला या विषयाची काळजी वाटते ती मुख्यतः म्हणून.

तिसरा आक्षेप वेळेचा आणि जागेचा आहे, आणि तो खरा आहे. दोघं नोकरीला, घर एका बेडरूमचं, अंगण नाही. पण वर सांगितलेल्या गोष्टींना लागतं काय, तर एक बंद होणारं दार, एक जाळी, दिवसातून दोन-तीनदा दहा-दहा मिनिटं आणि घरातल्या सगळ्यांचं एकमत. घरी कुणी नसताना दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवणं हा खर्चाचा विषयच नाही. सर्वांत अवघड गोष्ट शेवटचीच ठरते: एक जण दार लावतो आणि दुसरा ‘किती रडतोय बिचारा’ म्हणून उघडतो, असं असेल तर कुत्र्यांना काहीच ठरलेलं दिसत नाही. आणि पहिल्याच दिवशी जमलं म्हणून विश्वास टाकायचा मोह आवरावा. आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते इथे निराळ्या अर्थाने लागू पडतं. ओहायोतल्या एका आश्रयस्थानी 1997 मध्ये केलेल्या तपासणीत पहिल्या तीन दिवसांतल्या कुत्र्यांच्या रक्तात कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाचं प्रमाण घरच्या कुत्र्यांच्या जवळपास तिप्पट होतं. नवा कुत्रा पहिल्या आठवड्यात कोपऱ्यात गुपचूप पडून राहतो, तो शहाणा म्हणून नव्हे, तर बिथरलेला म्हणून. त्याचा खरा स्वभाव दोन-तीन आठवड्यांनी दिसू लागतो, आणि ‘इतके दिवस तर छान होतं’ अशा तक्रारी तेव्हाच सुरू होतात.

नवं पिल्लू असेल तर काही गोष्टी सोप्या असतात. पिल्लाच्या बऱ्याच आगळिकी प्रौढ कुत्रा पोटात घालतो आणि साडेतीन-चार महिन्यांचं होईपर्यंत पिल्लूही चटकन शिकतं. पण म्हाताऱ्या कुत्र्याच्या गळ्यात पिल्लू मारताना दहादा विचार करावा. सांधे धरलेल्या, गुळगुळीत फरशीवर पाय घसरणाऱ्या बारा वर्षांच्या कुत्र्याला दिवसभर कान ओढणारं पिल्लू ही सोबत नसते. एखाद्या दुखऱ्या दिवशी तो चावला तर चूक त्याची नसते. त्याला पिल्लू चढू शकणार नाही अशी एक जागा द्यावी. शांत असलेला कुत्रा अचानक चिडचिडा झाला, तर वागणुकीचा विचार करण्याआधी दुखणं आहे का ते तपासून घ्यावं. नसबंदीने माजाच्या काळातली आणि माद्यांवरून होणारी भांडणं टळतात, पण अन्नावरून आणि माणसांवरून होणारी त्याने थांबत नाहीत, हेही आधीच समजून घ्यावं.

एवढं करूनही कधी झटापट होईल. तेव्हा मध्ये हात घालू नये; सर्वांत खोल चावे सोडवणाऱ्या माणसालाच बसतात. बादलीभर पाणी, अंगावर टाकलेली जाड चादर, मध्ये सरकवलेली खुर्ची किंवा पाट, ताटावर आपटलेला डाव यांतलं जे हाताशी असेल ते वापरावं. दोघं सुटले की दोन खोल्यांत बंद करावेत आणि त्या दिवशी समेट घडवायला जाऊ नये. माणसाला दात लागले असतील, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कुत्रा घरचा असला तरी. एकदा झालेल्या झटापटीवरून जोडी फसली असं नाही. एकानेही रक्त काढलं नसेल तर जाळीपर्यंत मागे जाऊन पुन्हा सुरुवात करता येते. पण काही कुत्र्यांना दुसरा कुत्रा नकोच असतो, हेही मान्य करायला हवं. मोठ्या जखमा पुन्हा पुन्हा होत असतील, एक कुत्रा खाणं सोडून पलंगाखालून बाहेर येत नसेल, तर वर्तनतज्ज्ञ पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. आणि तरीही न जमल्यास नव्यासाठी नीट पारखून दुसरं घर शोधणं हा त्या दोघांवर केलेला उपकारच ठरतो.

जमतंय हे ओळखायचं कसं? खेळाची वाट बघू नये. कित्येक जोड्या कधीच खेळत नाहीत. दुपारी एकाच खोलीत दोघं एकमेकांकडे पाठ करून झोपलेले दिसतात, एक उठून पाणी प्यायला गेला तर दुसरा डोळा किलकिला करतो आणि पुन्हा मिटतो. साधारण तीन महिन्यांनी हे दिसू लागलं तर सगळं ठीक चाललं आहे. भांडी तेव्हाही वेगळीच ठेवावीत आणि जाळीचं फाटक माळ्यावर टाकू नये. दिवाळीच्या चार रात्री फटाक्यांनी बिथरलेला कुत्रा शेजारच्याच अंगावर भीती काढतो, वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने राहिलेल्या जोड्यांमध्येसुद्धा. वसुबारसेच्या संध्याकाळीच फाटक पुन्हा चौकटीत बसवावं, खिडक्या लावून पंखा मोठा करावा आणि दोघांचे बिछाने दाराच्या दोन बाजूंना घालावेत.